बांधावरची घार

आई, घारीचा डावा पंख पिशवीत मावत नव्हता आणि खालच्या कुरणातून क्वाड बाइकचा आवाज वर येत होता. उजवा पंख मी घडी करून आत घातला होता, शेपटी वाकवली होती, डावा मात्र खांद्यातून ताठरला होता आणि दाबला की पुन्हा उघडत होता. हातात भांडी घासायचे पिवळे हातमोजे. शेजारी दुसऱ्या पिशवीत ससा. सशाची पाठ कोणीतरी सुरीने चिरली होती आणि त्या चिरेत जांभळट निळे दाणे होते. गवतावर, सशाच्या आजूबाजूला, मेलेल्या माश्या पडल्या होत्या. तसले दाणे मी याआधी एकदाच पाहिले होते, आपल्या स्वयंपाकघरात, एका माणसाच्या नखांत. तोच माणूस क्वाडवरून वर येत होता.

तू होतीस तेव्हा इथे घारी नव्हत्या. तू गेल्यानंतर काही वर्षांनी त्या वेल्सच्या बाजूने हळूहळू आल्या, तांबूस, दुभंगलेल्या शेपटीच्या, आणि आता आपल्या छपरावर रोज दोन-तीन तरी फिरत असतात. नागपूरला मेडिकलच्या हॉस्टेलच्या गच्चीवर घार तुझ्या हातातली पोळी घेऊन गेली होती, हे तू किती वेळा सांगायचीस. इथल्या घारी हातातलं घेत नाहीत. त्या शनिवारी येतात. हिवाळ्यात शनिवारी शिकार असते. हाकारे काठ्या आपटत रानातून कोंबडीएवढे फेझंट उठवतात, खाली ओळीने उभे राहिलेले बंदुकवाले ते पाडतात, आणि बार थांबले की घारी येतात. त्या वाट पाहायला शिकल्या आहेत. जे पाखरू कोणाला सापडत नाही ते त्यांचं. कधी एखादं पंख तुटलेलं आपल्या कुंपणात येऊन अडकतं, आणि त्याची मान एका झटक्यात कशी पिरगळायची हे मला कीपरनेच, शिकारीची ही पाखरं वाढवणाऱ्या रानाच्या राखणदारानेच, शिकवलं. तू शिकवलं नसतंस. तू त्याला पट्टी बांधली असतीस.

बाकी घर तसंच आहे. मागे रान, रानात पेन. जुलै संपताना खोक्यांतून फेझंटची पिल्लं येतात आणि त्या पेनमध्ये, जाळीच्या मोठ्या कुंपणात, सोडली जातात. मग सगळेच येतात. घुबडं येतात, पिल्लांची मुंडकी तेवढी काढतात आणि धड ठेवून जातात. बझर्ड येतात, घारीएवढे, थोराड, खांबांवर तासन्‌तास बसून राहतात. कीपर झाडांना जुन्या चकाकत्या सीडी टांगतो, लुकलुकणारे दिवे लावतो, रेडिओ लावतो. सगळा ऑगस्ट रानात रात्रभर कोणीतरी बातम्या वाचत असतं, लोक फोन करून पेन्शनबद्दल तक्रारी करत असतात. घुबडांना दोन दिवसांत त्याची सवय होते. मला झालेली नाही. कॉव्हेंट्रीच्या मावशी तुला विचारायच्या ना, त्या जंगलात राहतेस कशी ग, रात्री भीती नाही वाटत? तू म्हणायचीस, तुमच्याकडे शेजारी नाहीत का? मला तेव्हा ते उत्तर फार हुशारीचं वाटायचं. आता कळतं की तू शेजारी हा शब्द अगदी साध्या अर्थाने वापरत होतीस. आपल्यावर पडलेली घुबडाची शिट धुवायची, पेनमधली दुर्गंधी सोसायची, बारांचा आवाज सोसायचा, आणि ज्याच्यामुळे हे सगळं आहे त्याच्याकडून लाकडं घ्यायची, हे शेजारपण.

सकाळी कीपरची नात आली होती. ती पाच वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे त्याची मुलगी, गावातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करते आणि सकाळी झोपते. तेवढ्या वेळात ही कुंपणातल्या फटीतून आपल्याकडे येते. तिला घुबडांच्या गोळ्या हव्या असतात. आपल्या परसातल्या कोठीत गव्हाणी घुबडांची जोडी आहे, त्यांनी खाल्लेल्या उंदरांची हाडं आणि केस ती गोळी करून तोंडातून टाकतात. आम्ही दोघी त्या गोळ्या वर्तमानपत्रावर सोडवतो. ती कवट्या एका ओळीत मांडते आणि त्यांना नावं देते. मी चहा पिते. आठवड्यातले हेच काही तास या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असतो.

आज ती गोळ्यांकडे गेली नाही. दारातच उभी राहिली.

“वरती मोठा पक्षी झोपलाय,” ती म्हणाली.

“कुठे वरती?”

“बांधावर. सशाजवळ. माश्यापण झोपल्यात.”

मी कप खाली ठेवला. “तू हात लावलास?”

“नाही.”

“सशाला?”

“नाही म्हटलं ना. तो फाटलाय.”

मी तिला उचलून सिंकपाशी नेलं, बाह्या वर करून कोपरापर्यंत साबण लावला, धुतलं, पुन्हा साबण लावला. ती म्हणाली, तू खूप जोरात घासतेस. मी नखं पाहिली. मग तिला खुर्चीवर बसवलं आणि फोनचा टॉर्च तिच्या डोळ्यांत धरला. बाहुल्या उजेडाने आकसल्या, टॉर्च काढल्यावर पुन्हा मोठ्या झाल्या. पुन्हा धरला, पुन्हा तेच. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी एकदा पाहिलं होतं एवढंच.

तो रविवार तुला सांगायची गरज नाही, पण मला तो लिहून काढायचा आहे. मी सोळा वर्षांची. बाबांची मँचेस्टरला ड्यूटी. तू पोळ्यांची कणीक मळते आहेस आणि मी टेबलावर पुस्तक उघडून बसले आहे. कोणीतरी मागचं दार वाजवत नाही, ढकलतंच. कीपरची बायको, गमबूट घातलेली, आणि तिच्या खांद्यावर तो. तेव्हा तो पंचविशीचा, नोकरीवर नवा, नुकतं लग्न झालेला. दवाखाना बंद असतो म्हणून तिने त्याला थेट घरी आणलं आहे. तो फरशीवर बसतो, मग आडवा होतो. घाम. तोंडातून लाळ थांबत नाही. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप थरथरताहेत. तू कणकेच्या हातानेच त्याची पापणी वर करतेस आणि मला म्हणतेस, टॉर्च आण, बॅग आण. मी टॉर्च धरते. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत.

“काय हाताळत होतास?” तू इंग्रजीत विचारलंस.

“मेंढ्यांचं औषध,” तो म्हणाला. “गोचिडांसाठी त्यांना बुडवतात, ते.”

“मेंढ्या नाहीत तुझ्याकडे.”

“शेजाऱ्याच्या.”

तू त्याचा हात उलटा केलास. नखांत ते दाणे होते. तू त्याच्या जॅकेटच्या खिशातून तंबाखूची पुडी काढलीस आणि मला काही न बोलता दाखवलीस. दाणे पसरून झाल्यावर त्याने त्याच बोटांनी सिगरेट वळली होती. तू कात्रीने त्याचा शर्ट कापलास, त्याला साबणाच्या पाण्याने धुतलंस, आणि बॅगेत अट्रोपिनच्या होत्या तेवढ्या सगळ्या अँप्युल एकामागून एक फोडल्यास. त्याची बायको तुझ्या मागे उभी राहून सारखं विचारत होती, तो मरणार नाही ना डॉक्टर, तो मरणार नाही ना.

“नाही,” तू म्हणालीस. “पण जरा बाजूला हो. माझ्या उजेडात उभी आहेस.”

पुढे शहरातल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना तू फोनवर सगळं सांगितलंस, काय दिलं, किती दिलं, आणखी किती लागेल. नागपूरच्या वॉर्डात कापसावर फवारणी करणारी माणसं अशीच यायची, तुला विचार करावाच लागला नव्हता. पण विष कुठून आलं हे त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तो मेंढ्यांचं औषध म्हणतो आहे. एवढंच. खोटं नव्हतं. तो तसं म्हणतच होता.

अँब्युलन्स गेल्यावर तू गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होतीस. मी अजून टॉर्च धरूनच उभी होते. त्या मार्चमध्ये मला ओढ्याकडे दोन बझर्ड मेलेले सापडले होते, पायांच्या मुठी वळलेल्या. त्यातला एक मी घरी आणला होता आणि तूच तो पुरायला लावला होतास.

“आपण पोलिसांना सांगू या,” मी म्हणाले.

“कोणाला काय सांगू या?”

“ते बझर्ड. यानेच मारले. ते दाणे मांसात घालून—”

“तू आज इथे नव्हतीस.”

“टॉर्च मी धरला होता.”

“टॉर्च टेबलावर ठेवला होता. तू वर अभ्यास करत होतीस.”

“आई, तो खोटं बोलला.”

“पेशंट खोटंच बोलतात. ते आपण ऐकायचं आणि औषध बरोबर द्यायचं.”

“आणि ते पक्षी?”

“पक्षी माझे पेशंट नाहीत.”

तू फडकं पिळलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, “या खोऱ्यातली माणसं माझ्याकडे यायच्या आधी दोनदा विचार करतात. काहीजण तीनदा. आज याची बायको विचार न करता आली. उद्या मी तोंड उघडलं तर पुढच्या वेळी कोणीतरी घरीच मरेल. जा, हात धू. दोनदा धू.”

तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि तेव्हा ते पटण्याची गरजही नव्हती. तू विचारलं नव्हतंस.

बरा झाल्यावर तो एका संध्याकाळी मागच्या दाराशी आला. वाळलेला, गालफडं बसलेली. खाद्याच्या पोत्यात गुंडाळून त्याने त्या दाण्यांचा डबा आणला होता. मी जिन्यात उभी होते. तू डबा घेतलास आणि म्हणालीस, “सगळं यात आहे?” तो म्हणाला, सगळं. “पुन्हा आणणार नाहीस.” नाही. तू हात पुढे केलास. त्याने तो लगेच धरला नाही. आधी म्हणाला, “आणि तुम्ही, डॉक्टर?” तू म्हणालीस, “मीही बोलणार नाही.” मग दोघांनी हात मिळवले. दुसऱ्या दिवशी तू तो डबा गाडीच्या डिकीत घालून शहरात घेऊन गेलीस. कुठे दिलास ते मला कधी सांगितलं नाहीस.

त्यानंतर हिवाळाभर दर रविवारी सकाळी मागच्या दाराच्या कडीला फेझंटची जोडी लटकलेली असायची, नर आणि मादी, मानेला सुतळी. तू ती परसात सोलायचीस आणि सावजी मसाल्यात शिजवायचीस, आणि जेवताना तोंडातले छर्रे काढून ताटाच्या कडेला मांडायचीस. बाबा म्हणायचे, हे जेवण नाही, ऑपरेशन आहे. मी त्या जोडीला हात लावत नसे. मग एकदा तो लाकडी खोकं घेऊन आला, पुढे चौकोनी भोक, आत भुसा. मला घुबडं आवडतात हे कोणीतरी त्याला सांगितलं असणार. त्याने ते आपल्या कोठीत तुळईला टांगलं, शिडीवर चढून, माझ्याकडे एकदाही न बघता. दुसऱ्या वर्षी त्यात घुबडं आली. तेव्हापासून कोठी कधी रिकामी नसते. या पक्ष्यांना मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात, हे तू कोणत्यातरी पुस्तकात शोधून मला सांगितलंस. या घरात आता मराठी फक्त कागदावर आहे, पण तो शब्द मी अजून मोठ्याने म्हणते.

तर आज सकाळी. मुलीला मी तिच्या घरी नेलं, तिच्या आईला झोपेतून उठवलं, सांगितलं की हिला आज बाहेर सोडू नकोस, वर मेलेलं जनावर आहे, हात लावलेला नाही पण लक्ष ठेव, लाळ आली, उलटी झाली तर लगेच अँब्युलन्सला नऊशे नव्याण्णव लाव. ती अर्धवट झोपेत होती. “माझ्या बाबांना सांगितलंस?” तिने विचारलं. मी म्हणाले, सांगते. मग घरी येऊन हातमोजे आणि पिशव्या घेतल्या. अशा पक्ष्याला हात लावू नये, झाकून ठेवून फोन करावा, हे मला माहीत आहे. पण तासाभरात कीपर फेरीवर येणार आणि तिथे काही उरणार नाही, हेही माहीत होतं.

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला नाही. आता तो पासष्टी ओलांडलेला आहे, गुडघे गेलेत. मी साठीला टेकले तरी त्याच्या लेखी मी अजून डॉक्टरची पोरच.

“डॉक्टरची पोर,” तो म्हणाला, “त्याला हात लावू नये.”

“माहीत आहे.”

“हातमोजे फाटके नाहीत ना?”

“नाहीत.”

“ससा पण घेतलास.”

“हो.”

तो हँडलकडे बघत म्हणाला, “अजून दोन ससे आहेत. ओढ्याकडे. ते मी उचलतो.”

“ही घार तुमच्या नातीने पाहिली,” मी म्हणाले. “येऊन मला सांगितलं.”

त्याने टोपी काढली. टोपी काढून तो काय करणार होता कोण जाणे, त्याने ती मांडीवर ठेवली. “हात लावला?”

“नाही म्हणते. हात धुतलेत. डोळे पाहिलेत. ठीक आहे. तिच्या आईला उठवून आले.”

“तिला सांगितलं होतं बांधाकडे जायचं नाही.”

“पाच वर्षांची आहे ती.”

“सांगितलं होतं,” तो पुन्हा म्हणाला, पण मला नव्हे.

“डबा तुम्ही आईला दिला होतात.”

“दिला होता. एक बरणी राहिली. नंतर सापडली.”

“नंतर म्हणजे कधी?”

“नंतर म्हणजे नंतर.” त्याने टोपी पुन्हा घातली. “तुला काय माहीत ग. नवे मालक आलेत. त्यांना दिवसाला किती पाखरं उठली तेवढंच हवं असतं. मागच्या वर्षी कमी उठली, तर त्यांच्या एजंटने मला ऑफिसात उभं केलं, शाळेतल्यासारखं. घुबडांना मी काही म्हणत नाही. कधी म्हटलं? खोकं मीच टांगलं ना? पण हे वरचे दिवसाढवळ्या पेनवर बसतात.”

“घार मेलेलं खाते.”

“तुझ्या पुस्तकातली घार.”

“पेनवर बसतात ते बझर्ड.”

“हो, तर त्यांनीच खायला हवं होतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर तक्रार होती. “घारीशी माझं काही भांडण नव्हतं.”

मी पंख पुन्हा दाबला. या वेळी तो आत गेला. मी पिशवीला गाठ मारली. तो बघत होता.

“हा माझा शेवटचा सीझन,” तो म्हणाला. “जानेवारी संपली की थांबतोय. घर आम्हाला ठेवणार म्हणालेत, मी आहे तोवर, आणि माझ्यामागे मुलगी आहे तोवर. लिहून नाही दिलं अजून. पण म्हणालेत.”

“आणि हे बाहेर पडलं तर?”

“तर घर सोडायला महिन्याची मुदत. तिघांनाही.” मग तो म्हणाला, “तुझी आई बोलली नव्हती.”

“नाही बोलली.”

“हात दिला होता.”

“तिने दिला होता.”

“तू जिन्यात उभी होतीस,” तो म्हणाला. “तुझे पाय दिसत होते मला. मी समजायचो, तो तुझाही होता.”

मी पिशव्या उचलल्या. त्याने मागे वळून क्वाडच्या पाठीमागच्या जाळीवरचं दोरखंड बाजूला केलं.

“उतार निसरडा आहे,” तो म्हणाला. “इथे ठेव. घरापर्यंत सोडतो.”

तो खरंच म्हणत होता. त्यात डाव नव्हता. चाळीस वर्षं तो या उतारावरून आपली लाकडं, आपली कोळशाची पोती, तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात तुझी ऑक्सिजनची नळकांडी वर-खाली करत आला आहे, आणि माझ्या हातात ओझं दिसल्यावर त्याला दुसरं काही सुचलं नाही. मी नको म्हणाले. तो ओढ्याकडे गेला. मी वळणावर थांबून पाहिलं. तो वाकला, गुडघ्यामुळे अर्धाच वाकला, हातात काहीच घातलेलं नव्हतं, तसाच त्याने ससा कानाला धरून उचलला.

पिशव्या कोठीत आहेत, जुन्या जस्ताच्या टबात, वर फळी आणि फळीवर वीट. मी आत गेले तेव्हा वरच्या खोक्यातली पिल्लं फिसकारत होती. या वर्षी त्यांना उशीर झाला, अजून उडालेली नाहीत. त्यांची आई तुळईवर बसून खाली बघत होती. तो पांढरा चेहरा तुला आवडायचा नाही, तू म्हणायचीस, तोंड धुवून पावडर लावून कोणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा दिसतो. मी वीट नीट बसवली आणि बाहेर आले.

आता मी त्याच टेबलाशी बसले आहे. तुझं म्हणणं मी पुन्हा तपासून पाहिलं. ते बरोबर होतं. तुझ्या अंत्यविधीला ज्यांनी आधी तीनदा विचार केला असता ती माणसंही आली होती, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, आणि तो सगळ्यांत मागे उभा होता. तू बोलली असतीस तर ती आली नसती, आणि त्यातली काही त्या दिवसापर्यंत जगलीही नसती. हे मी मान्य करते. पण तू हात दिलास तो डॉक्टर म्हणून. मी डॉक्टर नाही. मी शाळेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. माझ्याकडे कोणी आजारी येत नाही. माझ्याकडे एकच जण येते, आणि ती कुंपणाच्या फटीतून येते, आणि सापडेल ते हातात घेऊन येते. मी बोलले तर तिचं घर जाईल आणि ती यायची थांबेल. मी नाही बोलले तर ती येत राहील, आणि जानेवारी अजून लांब आहे, आणि एक बरणी सापडते तशी दुसरी सापडते. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. मांडण्यासारखं त्यात फार नव्हतं. तुलाही त्या रविवारी फार वेळ लागला नव्हता. फडकं पिळेपर्यंत.

तू म्हणाली असतीस, तो माणूस तुझ्या जिवावर उठला नव्हता. खरं आहे. तो कोणाच्याच जिवावर उठलेला नाही. बझर्डचंही त्याला वाईट वाटत असेल, शनिवारी पडलेल्या पाखरांचंही वाटतं, मी त्याला मान पिरगळताना पाहिलं आहे, तो डोळे मिटतो. त्याने डबा दिला तेव्हा बरणी खरंच विसरली असेल. की तेव्हाच बाजूला ठेवली होती? तू त्याला विचारलंस, सगळं यात आहे? आणि तो म्हणाला, सगळं, आणि पेशंट खोटंच बोलतात हे मला सांगणारी तू, तू ते मानलंस. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे असं मला दिवसभर वाटत होतं. आता तो राग शोधते आहे तर सापडत नाही. एक दमलेली बाई दिसते, दाराशी, हात पुढे केलेली.

एक सांगायचं राहिलं. हे वाचून वाटेल की मी तुला विचारते आहे, काय करू. तसं नाही. फोन मी दुपारीच केला, कोठीतून आल्यावर, हातमोजे काढायच्या आधी. नंतर लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं तर फोन झाला नसता, हे मला माहीत होतं. हे पाकिटात घालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची व्हॅन आली. तरुण मुलगी होती, शहरातून आलेली. ती म्हणाली, तुम्ही हात लावायला नको होता. तिने पिशव्या तिच्या पिशव्यांत घातल्या, टबाचे फोटो काढले, घुबडांकडे एकदा वर पाहिलं. इथल्या कोणावर संशय आहे का, असं तिने विचारलं. मी नाव सांगितलं. व्हॅन उतारावरून खाली गेली तेव्हा तो खालच्या फाटकाशी होता, पेनकडे निघालेला, मागे खाद्याची पोती. तो क्वाडवरून उतरला, त्याने फाटक उघडलं, व्हॅन जाऊ दिली आणि फाटक पुन्हा लावून घेतलं.